फर्दापूरहून निघालेलं दांडकं

पळण्यासाठी नाव नोंदवावं लागतं, हे मला कंपनीत लागल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी, की माणूस पळतो तो कुत्रं मागं लागलं म्हणून, एसटी सुटायली म्हणून, नाहीतर नवरात्रात तुळजापूरहून ज्योत आणायची म्हणून. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत लागलो, आणि तिथं मला अशी माणसं भेटली जी सकाळी मोटारीत बसून मैदानावर जातात, तिथं गोल गोल पळतात आणि मोटारीत बसून घरी येतात. आज आपण दमलो की नाही, हे ती मनगटावरच्या घड्याळाला विचारतात.

असल्याच पुण्याच्या काही लोकांनी फर्दापूर ते संभाजीनगर अशी रात्रीची शर्यत काढली. एका टीममध्ये सहा जण. रस्त्याचे बारा तुकडे पाडलेले. एकानं आपला तुकडा पळायचा, थांब्यावर पुढच्याच्या हातात अ‍ॅल्युमिनियमची एक नळी द्यायची, आणि बाकीच्यांनी गाडीतून पुढं जायचं. नळीला त्यांच्यात बॅटन म्हणतात. ही शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांचं काही नुकसान झालेलं नाही. तरी लिहितोय, कारण त्यांच्या फेसबुकवर जे आलंय त्यात आमचं नाव नाही.

आमच्या कंपनीची टीम इनामदार साहेबांनी उभी केली. ते आमच्या विभागाचे प्रमुख. एक दिवस कँटीनमध्ये मला म्हणाले, "काळे, तुम्ही लोकल आहात, रस्ता तुमच्या माहितीचा. सपोर्टला या. बाटल्या बघा." पळायला नाही, बाटल्या बघायला. मी भाजी चिवडत होतो. मान वर करून म्हणालो, की पाचोडची माझी भावकीतली पोरं दरवर्षी तुळजापूरहून पळत ज्योत आणतात, तुमच्या बुटाच्या नाड्या बांधून होईस्तोवर ती शहरात पोचतील. टेबलावरचे हसले. इनामदार म्हणाले, "आणा मग त्यांना. आणि नाही पोचली तर?" मी म्हणालो, "तर पुढच्या वर्षी तुमच्या बाटल्या मी उचलतो. सगळ्या."

कँटीनमधले सगळे साक्षीदार झाले. नंतर दोन महिने मला येता-जाता कुणीतरी रिकामी बाटली दाखवायचं.

फर्दापूर

पाच पोरं पाचोडहून आली, सहावा मी. त्यातला विष्णू माझा चुलतभाऊ. मोसंबीची बाग करतो, बोलतो कमी. बाळू त्याच्याच बरोबरीचा, तो बोलतो जास्त. गाडी म्हणून अन्वरभाईंचा छोटा हत्ती. अन्वरभाई संभाजीनगरच्या शहागंजचे, दिवसभर लसणाची पोती वाहतात. त्यामुळं रात्रभर आम्ही लसणाच्या वासात बसलो. इतर टीमकडं काचा चढवलेल्या मोटारी होत्या.

लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या जिथं लागतात त्याच्या जवळ मंडप टाकला होता. मोठ्यानं गाणी लावून एक बाई सगळ्यांना हात वर-खाली करायला लावत होती. ही मंडळी रात्रभर पळणार, आणि पळायच्या आधी नाचून दमत होती. दोन जपानी पर्यटक लग्न समजून फोटो काढत होते. जेवायला पास्ता. म्हणे त्यानं ताकद येते. विष्णूनं एक घास खाल्ला आणि हळूच विचारलं, "दादा, ह्या शेवया हायेत का? गोड तर लागनात." शेवटी चुलतीनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेम्पोत बसून खाल्ली. अन्वरभाईंनी पास्त्याच्या दोन प्लेटी संपवल्या. फुकटचं टाकू नये एवढंच त्यांचं म्हणणं.

मग दांडकं मिळालं. आमचा नंबर सतरा, कंपनीचा चार. आकडा एका टोकाला, नखाएवढ्या चिकटपट्टीवर. बाकी सगळी दांडकी सारखीच. विष्णूनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"पेटवायचं नाय व्हय?"

"नाही."

"मंग न्यायचं कशाला?"

विष्णूनं दांडकं कपाळाला लावलं आणि पहिल्या पळणाऱ्याच्या हातात दिलं.

ज्योतीचं कसं असतं हे इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुळजापूरला पेटवलेली ज्योत गावच्या देवळात येईपर्यंत खाली टेकवायची नाही आणि थांबवायची नाही. मागं टेम्पो असतो. एकजण दमला की दुसरा उडी मारतो, त्याच्या बरोबरीनं पळतो आणि पळता पळता हातात घेतो. रस्त्यानं चाळीस गावांच्या ज्योती चाललेल्या असतात. कुणाची विझली तर मागून येणारा आपल्या ज्योतीनं लावून देतो. कुणी पडला, पाय मुरगळला, तर मागून येणारा त्याची ज्योत आपल्या दुसऱ्या हातात घेतो आणि त्याच्या गावची माणसं भेटतील तिथं देतो. कोणतं गाव, कोण माणूस, असलं कुणी विचारत नाही. विचारलं तर लोक त्याच्याकडं विचित्र बघतील.

पुण्याच्या लोकांनी नियमांची वही दिली होती, इंग्रजीत. मी पोरांना थांबे समजावले, बूट सक्तीचे हे समजावलं. पडलेल्या माणसाचं काय करायचं, हे समजवावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

घाट, गोळेगाव

अजिंठ्याचा घाट बाळूनं काढला. चांदणं होतं, खाली फर्दापूरचे दिवे आणि मंडपातला तो लाल-निळा झगमगाट दिसत होता. थंडी अशी की टेम्पोच्या पत्र्याला हात चिकटावा. शहागंजहून घेतलेले कॅनव्हासचे बूट बाळूला घाटातच चावले, पण सक्ती म्हणून तो तसाच पळाला. आमच्या पुढं कंपनीचा माणूस होता. त्याच्या मागं मोटार, मोटारीत कॅमेरावाला, तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्याला म्हणत होता की जरा हसा. चढावर.

अजिंठा गावात वेशीजवळ म्हातारे शेकोटीला बसलेले. एकानं उठून विचारलं, "काय चोरी झाली का? कामून पळायलेत?" बाळू पळता पळताच म्हणाला, "शर्यत हाय, काका." म्हाताऱ्यानं विचार केला आणि म्हणाला, "उजाडल्यावर पळा की."

गोळेगावला मिरचीचा खाट. वाळवणाचे ढीग ताडपत्रीखाली होते तरी डोळ्यात पाणी यायचं. पुण्याची एक मुलगी थांब्यावर तोंडाला रुमाल लावून पळणाऱ्यांना गोड चिकाची पाकिटं वाटत होती. त्याला जेल म्हणतात. मी एक चाखलं. औषधाच्या दुकानात गुळाचं पोतं फुटलं तर जी चव येईल ती. पलीकडं चहाची टपरी उघडी होती, आलं घातलेला चहा उकळत होता, आणि एकही पाकीटवाला तिकडं गेला नाही. आम्ही गेलो. सिल्लोडपर्यंत आम्ही कंपनीच्या पुढं होतो ते त्या चहामुळं, असं अन्वरभाई अजून सांगतात.

सिल्लोडच्या पुढं

सिल्लोडपासून मी. कॉलेजात असताना मीही ज्योतीबरोबर पळायचो. आता खुर्चीवर बसून कंबर भरलीय, पण तुकडा सोडायचा नव्हता. बाटल्या डोळ्यापुढं दिसत होत्या.

हा रस्ता किती वर्षं खणलेला आहे हे विचारू नका. ज्या पोरांनी तो खणताना पाहिला ती आता पोरंबाळंवाली झालीत. एक बाजू सिमेंटची, एक बाजू खड्ड्यांची, आणि कोणती कुठं संपते हे ठेकेदारालाही ठाऊक नसावं. पाहुण्यांना जगप्रसिद्ध लेणी दाखवायला आपण ह्या रस्त्यानं नेतो आणि वर विचारतो की परत या. मी कपाळाला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात पळत होतो. पुढं ओली तरटं अंथरलेली दिसली, मऊ वाटली, घातला पाय. दोन पावलं गेल्यावर कळलं, की तरटं संपली आणि खालचं सिमेंट त्याच संध्याकाळचं आहे. अंधारातून एक राखणदार काठी घेऊन उठला. त्यानं माझ्या आईचा उल्लेख केला, तो मी इथं लिहीत नाही. एकच सांगतो, त्या रस्त्यावर माझा उजवा बूट अजून उमटलेला आहे आणि ठेकेदाराच्या कामापेक्षा तो जास्त टिकेल.

या गोंधळात कंपनीचा माणूस माझ्या पुढं गेला.

फुलंब्रीच्या अलीकडं एका धाब्यावर पिठलं-भाकरी घेतली, ठेचा घेतला. धाबेवाल्यानं आधी आमच्या छातीवरचा नंबर वाचला, मग पायातले बूट बघितले आणि विचारलं, की किती मिळतेत. मी म्हणालो, काही नाही, पदक. तो भाकरी उलटत म्हणाला, "म्हणजे लोखंड." पिठलं मात्र असं, की त्याच्यासाठी त्या रस्त्यानं परत पळेन.

चौका

चौक्याच्या अलीकडं विष्णू उतरला. कंपनीचा माणूस आमच्या पुढंच होता, पण फार नाही. त्याच्या कपाळावरचा दिवा वळणावळणावर दिसायचा. हा तुकडा खुद्द इनामदार पळत होते. विष्णूला मी ते सांगितलं नाही. कशाला सांगायचं? तो ज्याला बघतो त्याला गाठतो. आणखी एक सांगायचं राहिलं: इनामदारांची मोटार त्यांना सोडून पुढच्या थांब्यावर गेली होती, साहेब येताना समोरून फोटो पाहिजे म्हणून.

आमच्या टेम्पोचं टायर बसलं. पुढचा गडी आणि बाळू मागून आलेल्या दुधाच्या गाडीत बसून आपापल्या थांब्यावर गेले. अन्वरभाई शिव्या घालत स्टेपनी लावत होते, तोवर विष्णू दिसेनासा झाला. टायर लावून निघालो, घाट उतरायला लागलो, तर खडीच्या ढिगाशेजारी एक माणूस बसलेला. घोटा दोन्ही हातांनी धरलेला, कपाळावरचा दिवा आभाळाकडं.

इनामदार.

मी आणि दुसऱ्या एका पोरानं त्यांना उचलून टेम्पोत घेतलं. लसणाच्या पोत्यांवर बसवलं, अन्वरभाईंनी आपली घोंगडी दिली. थर्मासमधला चहा पाजला. रंगीत घड्याळ, गुडघ्यापर्यंतचे मोजे, दंडाला पाकिटं, आणि दात कडाकडा वाजायलेत. चहा पोटात गेल्यावर म्हणाले, "काळे, तो तुमचा भाऊ का? माझी बॅटन तो घेऊन गेला. म्हणाला, द्या इकडं. बरं झालं बाबा. त्याला थँक्यू सांगा."

मी नियमांची वही वाचलेली होती. एका टीमच्या माणसानं दुसऱ्या टीमची बॅटन हातात घेतली तर काय होतं, ते मला आठवलं. अन्वरभाईंना काय ते ठाऊक नव्हतं. ते खूश होते. "देखो साहब," ते इनामदारांना म्हणाले, "हमारा लडका दो-दो लकडी लेके भाग रा. तुमारी भी पोंचा देगा."

सावंगी

विष्णू दोन्ही हातांत दोन दांडकी घेऊन सावंगीच्या थांब्यावर आला, तेव्हा अंधारच होता. आमचा पुढचा गडी आणि कंपनीचा पुढचा इंजिनिअर शेजारी शेजारी उभे. विष्णूनं दोन्ही हात पुढं केले. दोघांनी जे हाताला लागलं ते घेतलं आणि सुटले. आम्ही पोचलो तेव्हा ते दोघं निघून गेले होते आणि विष्णू बूट काढून पाय चोळत बसला होता.

टेबलामागं दाढीवाला प्रमुख, हातात वॉकीटॉकी. त्यानं नम्रपणे सांगितलं, की सतरा नंबर बाद. दुसऱ्याची बॅटन घेणं म्हणजे बाहेरची मदत. चार नंबरच्या साहेबांनी ती स्वतःहून दिली असेल तर तेही बाद. मग इनामदारांकडं वळून त्यानं विचारलं, की तुम्ही स्वतःहून दिलीत का?

इनामदारांच्या अंगावर अजून आमची घोंगडी होती. त्यांनी ती काढली, घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मग म्हणाले, "मी दिली नाही. त्याने घेतली."

दाढीवाल्यानं मान हलवली. चार नंबरला काही मिनिटांचा दंड, पुढं चालू. सतरा बाद.

मी खुर्चीवरची घोंगडी उचलली. त्या माणसाखाली मला नोकरी करायची होती, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. मी चिडलो ते विष्णूवर. म्हणालो, "विष्ण्या, तुला कुणी सांगितलं होतं हे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं ते तसंच, जसं ज्योतीच्या रस्त्यावर गाव विचारणाऱ्याकडं बघतात.

"सांगायला काय लागतंय, दादा? माणूस पडला व्हता. दांडकं काय रस्त्यावर ठिवायचं का?"

मग पाय चोळता चोळता, "त्यानं हातात दिलं की माझ्या. दोन्ही हातांनी दिलं."

शहर

आम्ही बाद झालो हे पळणाऱ्या गड्याला सांगायला कुणी गेलंच नाही. शेवटच्या थांब्यावर बाळू उभा होता. त्याला मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पण दांडकं यायलंय ना? आलं की घिऊन निघतो." आणि निघाला.

हर्सूलला तांबडं फुटलं. दूधवाले, तुरुंगाच्या फाटकाबाहेर नातेवाइकांना भेटायला आलेल्यांची गर्दी, कचऱ्याची गाडी, आणि मधून बाळू. बूट गळ्यात अडकवलेले. बाद माणसाला कसली सक्ती? कंपनीचा शेवटचा गडी बराच मागं राहिला. दिल्ली दरवाजा दिसला तशी आमची चारी पोरं टेम्पोतून उतरली आणि बाळूबरोबर पळायला लागली. ज्योत गावात शिरताना सगळ्यांनी पळायचं असतं. मीही उतरलो.

मैदानावर हवेनं फुगवलेली कमान. माईकवाला ओरडला, की सतरा नंबर कृपया कमानीच्या बाहेरून. आम्ही बाहेरून गेलो. आम्ही गेल्यावर एवढा वेळ गेला की बाळूनं नळावर पाय धुतले, अन्वरभाईंनी बिडी ओढली, मग कंपनीचा गडी कमानीतून आला, आणि कागदाचे तुकडे उडले. त्यांच्या गळ्यात पदकं पडली. आमच्याकडं कुणी दांडकंसुद्धा मागितलं नाही. ते टेम्पोत लसणाच्या पोत्यावर पडून राहिलं.

अन्वरभाईंनी आम्हाला शहागंजला नेलं. दुकानं उघडत होती, त्यांच्या ओळखीच्या हॉटेलात नान-खलियाची देग नुकती उतरली होती. मालकानं विचारलं, कौन जीता? अन्वरभाई म्हणाले, "जीते ये. मेडल वो ले गए." आणि खलिया जास्त वाढायला लावला. विष्णू नान खाता खाता झोपला.

सोमवारी कंपनीत केक कापला. मीही खाल्ला, केकवर माझा राग नव्हता. इनामदार काठी टेकत माझ्या टेबलाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काळे, रेकॉर्डला तुमची टीम पोचलेली नाही. नियम तो नियम. पुढच्या वर्षी बाटल्या." मी म्हणालो, "शब्द दिलाय. उचलीन."

दोन आठवड्यांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. पुण्याहून त्यांना निरोप आला होता, की तुमच्या टीमनं शेवटी जमा केलेल्या बॅटनवर नंबर सतरा आहे, चार नंबरची जमाच नाही, हे कसं? ते मला आवाज खाली करून म्हणाले, "तुमच्या लोकांकडे असेल. गुपचूप आणून द्या. उगाच वाढवू नका."

मी तिथंच विष्णूला फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हणालो, दांडकं कुठंय?

"देवळात हाय. ज्योत ठिवतो त्या कोनाड्यात. का बरं?"

"त्याच्यावर आकडा कोणता आहे, बघून सांग."

तो गेला. चपला काढल्याचा आवाज आला, घंटेचा आवाज आला. इनामदार टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"कुंकू लागलंय त्याला. थांबा, पुसतो. चार."

म्हणजे चार नंबरचं दांडकं शहरात आधी आलं ते बाळूच्या हातातून, अनवाणी, कमानीच्या बाहेरून. आणि कमानीतून, कागदाच्या पावसातून गेलं ते आमचं. सावंगीच्या अंधारात दोघांनी जे हाताला लागलं ते घेतलं होतं. वहीतल्या नियमानं चार नंबरचं काय होतं, ते मला सांगायची गरज नव्हती. वही त्यांनीही वाचलेली होती. पुण्याला लिहायचं मी मनात आणलं असतं तर एका ओळीचं काम होतं. मी लिहिलं नाही, लिहिणारही नाही.

मी फक्त एवढं म्हणालो, की साहेब, मी ते आणू शकत नाही, देवळात ठेवलेली वस्तू ज्याची आहे त्यानंच न्यायची असते. पाचोडला या. बूट पायरीशी काढावे लागतील. विष्णू कोनाड्यातून काढून देईल.

"आणि दोन्ही हातांनी देईल," मी म्हणालो. "मग कुणी विचारलं तर सांगता येईल, की त्यानं दिलं आणि तुम्ही घेतलं."

बाटल्यांचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही. इनामदार अजून पाचोडला आलेले नाहीत. रस्ता चांगला आहे, खणलेला नाही.